हैदराबाद ते मुंबई, दीड तास

...नाही, चूक माझीच, ते तुम्ही कशाला सांगायला हवं, मीच सांगतो ना, पण आधी ऐकून तर घ्या... हैदराबाद ते मुंबई सव्वासहाशे किलोमीटर, विमानाला दीड तास. मनानं नाही सांगत, फोनवर तीनदा बघून वहीत उतरवलंय. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी प्रत्येक प्रवासाची वेळ लिहितो. वीर स्टेशन ते महाड रिक्षा, महाड ते पोलादपूर एसटी, वाटेत टायर फुटला तर त्याचीही मिनिटं. म्हणून तर सरिता, माझी धाकटी बहीण, हैदराबादला असते, ती नवऱ्याला विचारत नाही, मला विचारते. दादा, शिमग्याची पालखी आपल्या दारात पाचला येते ना, मग मी आदल्या दिवशीच येऊ का?

आणि मी काय म्हणालो? कशाला रजा फुकट घालवतेस. अकराचं विमान घे, साडेबाराला मुंबई, तिथून पोलादपूर चार तास, वहीत आहे, साडेचारला दारात, हातपाय धुवायला अर्धा तास वर. विमानाला दीड तासच तर लागतो. बायको म्हणाली, अहो, येऊ द्या की आदल्या दिवशी. मी तिला वही दाखवली. बायकोला वही दाखवणारा माणूस... जाऊ द्या.

बरं, सरिताचं काम साधं नव्हतं. गेल्या वर्षी तिची ऋतिका महिनाभर दवाखान्यात, तेव्हा ही बोलून बसली होती, पोरगी उठली तर माहेरच्या दारात देवीची ओटी भरीन. माहेरच्या दारात. म्हणजे माझ्या.

विमान वेळेवर उतरलं हो. दीड तास म्हणजे दीड तास, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण बॅग यायला पाऊण तास, पनवेल यायला दोन... आणि माझे ते चार तास कुठले होते? आषाढातल्या एका पहाटेचे, रस्त्यावर कुत्रं नसताना. शिमग्याला अख्खी मुंबई आपापल्या गावच्या पालखीला निघालेली, आणि तिच्या मागे आमची सरिता. साडेचारला फोन, कोलाड यायचंय अजून.

पालखी पाचला दारात. मी ढोलवाल्यांना अजून एक, अजून एक करत वाजवायला लावलं, सगळ्यांना सरबत पाजलं, दोनदा पाजलं. शेवटी भिकूकाका, पालखीचा पुढचा दांडा त्यांच्याच खांद्यावर, माझ्या कानाशी आले. "राजा, तुझं विमान कोलाडात अडकलंय काय रे? देवीला अजून नऊ घरं हायत." पाऊण तास थांबले बिचारे, कोण थांबतं इतकं?

सरिता सातला पोचली. पिशवीत खण, नारळ, तांदूळ. अंगणात गुलाल पडलेला. तिनं तो पाहिला आणि पिशवी तशीच धरून पायरीवर बसली. ओरडली असती तर मोकळा झालो असतो. ऋतिकानं मात्र विचारलं, मामा, देवी किती वाजता गेली? आणि मला मिनिटासकट ठाऊक... पाच पंचेचाळीस.

बायकोच म्हणाली, अख्खा गाव सरिताचं माहेर आहे, वरच्या वाडीत असेल पालखी, निघा. मी मोटरसायकल काढली, पुढे ऋतिका, मागे पिशवी धरून सरिता.

"दादा, किती वेळ लागेल?"

तुम्हाला सांगतो, अकरा मिनिटं हे तोंडात आलं होतं. गिळलं. म्हटलं, "माहीत नाही गो."

"मग पोचू," ती म्हणाली.