आतातामेते कुदासाई

मी मूळची कराडची, वडलांचं किराणा दुकान, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी बोलण्यातच मी लहानाची मोठी झाले, आणि लग्न होऊन इथं लंडनमध्ये क्रॉयडनला आले तर तोंडाला कुलूप. काय सांगू तुम्हाला ताई, कुठंही गेलं की आमचे हे आधी पुढं, जीपी डॉक्टरकडं, कौन्सिलच्या ऑफिसात, बसच्या ड्रायव्हरपुढंसुद्धा, शी डझंट स्पीक इंग्लिश, तू गप्प बस, मी बोलतो. येत होतं हो मला, मोडकंतोडकं, पण येत होतं. स्कूल किचनमध्ये नोकरीसाठी अर्ज केला, तर त्यांचा फोन ह्यांनीच उचलला आणि सांगून टाकलं, तिला नाही जमणार, सॉरी. मी तिथंच पोळ्या लाटत होते. मनात ठेवलं, चांगलं घट्ट ठेवलं.

मग आमची मुक्ता नोकरीला टोकियोला गेली आणि आमचं दोघांचं तिच्याकडं जायचं ठरलं. ती म्हणाली, आई, मी दिवसभर ऑफिसात, तुम्हाला खालच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधूनच खायला आणावं लागेल, थोडं बोलायला शीक. ती फोनवर शिकवायची, मी भांडी घासताना घोकायची. कोरे कुदासाई, म्हणजे हे द्या. आतातामेते कुदासाई, गरम करून द्या. निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासे, हाइत्ते इमासु का, ह्यात आहे का. हे हसायचे, कशाला डोकं शिणवतेस, मी आहे ना.

तिथं गेलो तर सगळ्या पाकिटांवर जपानी, आणि हे पक्के शाकाहारी. काउंटरवर मोठमोठ्यानं नो मीट, नो फिश, तो पोरगा बिचारा वाकून वाकून माफी मागतोय, मागं ही लाइन. मी पुढं झाले. भाताचा एक त्रिकोणी गोळा दाखवला, निकु विचारलं, साकाना विचारलं, नाही म्हणाला, मग गरम करून घेतला. हे म्हणाले, अगं, माझ्यासाठी पण विचार. मी म्हटलं, तुम्ही आहात ना, विचारा की. आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभ्यानं खाल्ला, सावकाश. हे तिथं असेपर्यंत केळ्यांवर राहिले. मुक्ता म्हणाली, आई, बाबांना काही आणून दे ना. नाही दिलं.

परत आल्यावर त्याच स्कूल किचनमध्ये स्वतः जाऊन उभी राहिले, नोकरी मिळाली. आता ह्यांना ऐकू कमी येतं. जीपी विचारतो ते मला विचारतो, आणि मला वाटतं तेवढंच मी ह्यांना सांगते, हे नुसते माझ्या तोंडाकडं बघत बसतात. दया येते कधीकधी, नाही असं नाही. देव त्यांना उदंड आयुष्य देवो ताई, माझं अजून बोलून झालेलं नाही.