उलटं बसवलेलं दार

दौंडच्या कोर्टात शेजारच्या बाकावर राहू गावचे हौसराव आणि त्यांचा भाचा सत्यजीत बसले होते. ऐकलं तेच सांगतो. मीठ माझं असलं तर चिमूटभर.

"मामा, मिक्सरच्या तीन हप्त्यांसाठी कंपनीनं दावा लावला, आन् तुम्ही गप्प?"

"हळू बोल. समन्स घेऊन बेलीफ आला, तवा मी गोठ्यात दडलो व्हतो."

"मग?"

"मग त्यानं कागद दारालाच चिकटवला. नखानं बी निघंना."

"समोर तर पिठाची गिरणी! सारं गाव वाचणार."

"म्हणून गिरणी बंद व्हती तवा दार काढलं आन् उलटं बसवलं. कागद घरात."

"आन् कडी?"

"कडी बाहेर गेली."

"म्हंजी तुम्हाला कुणी बी कोंडील!"

"कोंडलं की. शेळीनं, दोनदा."

"मामीला काय सांगितलं?"

"वास्तुदोष हाय म्हणालो. पण जेवाया बसलं की समोर त्यो कागद. मी पाठ करून जेवायचो. मग एक दिवस तिनं त्याच्यावर जुन्या लुगड्याचा पडदा टांगला."

"मामीनं वाचलं व्हतं?"

"मी इचारलं न्हाई."

"आज न्हाई आला असता, तर निकाल एकतर्फी लागला असता, मामा."

"मी कुठं येणार व्हतो? सकाळी पडदा सारून तिनंच तारीख दाखवली. म्हणाली, 'साहेबाला काय ते खरं सांगा. आन् येताना बिजागरीचे स्क्रू आणा.'"