सतरावी गाठ

नाही नाही, बसा ताई, या बाकड्यावरच बसा. सकाळपासून माझ्यामागं फिरताय. माझं काय, गोगलगायीची चाल, तुमचाच जीव दमला असेल माझ्या चालीनं चालून. पाण्याच्या लाइनीचे सोळा व्हॉल दाखवले ना? आले सगळे कागदावर? झालं मग. साहेबांना सांगा, म्हाताऱ्यानं हातचं काही राखलं नाही. मला लिहा-वाचायला येत नाही, आणि नकाशा कुणी कधी काढला नाही — या गावात पाणी जमिनीतून कुठनं कुठं जातं ते एक देवाला ठाऊक नाहीतर मला, असं कचेरीतले लोक म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, पण खोटं नव्हतं. एकेचाळीस वर्षं रोज सकाळी ही कमरेएवढी चावी खांद्यावर टाकून निघायचो. खड्ड्यात घालायची, फिरवायची — बाजाराला अकरा फेरे, शाळेकडं सात, वरच्या आळीला पंधरा, तिथं चढ आहे — की मागं एकेका घरात बादल्या वाजायला लागायच्या. जन्म इथला, मरणही इथंच. दुसऱ्या गावचं पाणी मी प्यायलेलोच नाही म्हणा ना.

ही होय? ही माझी वही. हसू नका. माझ्या मेस्त्रीनं शिकवलं — अक्षर येत नाही ना, मग गाठ मार. एक व्हॉल, एक गाठ. मोठी लाइन, मोठी गाठ. घ्या, हातात घ्या, मळकी आहे जराशी. काय मोजताय? — मोजा, मोजा. म्हाताऱ्याची दोरी, कुठंतरी गुंता झाला असेल. — सतरा? हां. असतील सतरा.

ती शेवटची सोडून द्या. जुन्या लाइनची आहे, बंदच असते. नाही, कुठं आहे ते आता आठवत नाही. वय झालं, ताई, काल काय जेवलो ते — काय म्हणालात? सोमवारी पाणी सोडणार? नव्या मोटारीनं? आणि जुन्या बिडाच्या लाइनीसुद्धा त्यातच जोडणार, सगळ्या?

थांबा जरा. मला टेकू द्या.

माझ्याबरोबर जाईल म्हणत होतो मी. माझ्याबरोबर मातीत जाईल, मग कुणाचं काय बिघडणार आहे — असं आपलं मनाशी. मेस्त्रीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाबा रे, हा सतरावा व्हॉल मेलास तरी उघडायचा नाही. ती लाइन गटाराच्या खालनं जाते आणि तिला चीर गेलीय. पाणी चालू असतं तोवर ठीक, पण बंद झालं की रिकामा पाइप ओढतो. आजूबाजूचं जे असेल ते ओढतो. कळलं होतं मला. अक्षरशत्रू असलो तरी एवढं कळत होतं.

माझी धाकटी बहीण या गल्लीच्या टोकाला दिलेली. टोकाला पाणी पोचायचं नाही, करंगळीएवढी धार. त्यात बाळंत झाली. सव्वा महिन्याचं पोर, रोजची धुणी — म्हणाली, "दादा, गावाला पाणी पाजतोस आणि बहिणीची बादली कोरडी." रागानं नाही म्हणाली, हसत म्हणाली. तेच लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं ते. मी उघडला. तीनच फेरे. म्हटलं चार-आठ दिवस, कुणाला काय समजतंय. तिच्या नळाला अशी धार लागली, ताई — तिनं मला दारातून हाक मारून दाखवली.

पाचव्या दिवशी शिंप्याची आई गेली. जुलाब, उलट्या, सकाळी धडधाकट आणि संध्याकाळी संपली. मग कंपाउंडरचे दोघे मुलगे, एकाच खोलीत. मी त्याच दिवशी बंद केला, पण तोवर — नऊ. नऊ माणसं, या गल्लीतली आणि मागच्या. त्यात ते पोरही. नाव ठेवायचं राहिलं होतं.

बाटल्या भरून पाणी तपासायला नेलं सरकारी दवाखान्यातल्या लोकांनी. चांगलंच निघणार, मी बंद केल्यावर नेलं. मग लोक म्हणाले, पाणी नाही तर दूध. ती समोर शटरची जागा दिसते ना, तिथं दूधवाल्याचं दुकान होतं. माझ्याच वयाचा, एका ताटात जेवलेलो आम्ही. त्याचे कॅन रस्त्यावर ओतले. त्यानं सगळ्यांसमोर मापभर दूध पिऊन दाखवलं, तरी ऐकेनात. मग तो भाबडा काय बोलून बसला, की हो, घालतो मी दुधात पाणी, कोण घालत नाही, पण नळाचं घालतो, विहिरीचं नाही. आणि माझ्याकडं बोट केलं — मी तिथंच उभा, खांद्यावर चावी — "याला विचारा. याच्या हातचं पाणी आहे."

सगळे वळले माझ्याकडं. आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं होतं मी? बोलायचं होतं, कळतंय मला. एवढी गल्लीभर माणसं, शिंपी पुढंच उभा, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "पाणी चांगलं आहे."

एवढंच. तीन शब्द. मारलं त्याला लोकांनी. आठवड्यानं दुकान बंद करून बायकोला घेऊन गेला. निघताना वहिनी नळावर आल्या, वाटेसाठी पाणी भरायला. मी हळूच म्हटलं, वहिनी, उकळून प्या. हातातली कळशी तशीच राहिली त्यांच्या. बघत राहिल्या माझ्याकडं. मग कळशी ओतून दिली आणि रिकामीच घेऊन गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, कुणाजवळच नाही. कुठल्याशा गावात तो गोण्या उचलायचा, तिथंच गेला म्हणे. म्हणे. मी कुठं बघायला गेलो.

आणि बहीण गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत येईल-जाईल त्याला सांगायची, माझं पोर गेलं त्या दिवसांतही दादानं मला पाणी कमी पडू दिलं नाही. मी शेजारी बसून ऐकायचो. मान हलवायचो.

नाही, लिहू नका अजून. लिहाल सावकाश. हे बाकडं आहे ना, दूधवाला गेल्यावर मीच बांधलं. माझ्या हातानं, सिमेंट कालवून, वर फरशी बसवून. रोज संध्याकाळी येऊन बसतो तर गल्लीतली पोरं म्हणतात, आजोबांनी बाकड्याशी लग्न लावलंय. मीही हसतो. लोकांना वाटतं, म्हातारा टेकायला जागा शोधतो.

उठा, ताई. माणसांना पहार घेऊन बोलवा. फरशीखाली हातभर गेलं की लागेल. चावी उलटी फिरते त्याची, बाकीच्यांसारखी नाही, तेवढं सांगा त्यांना. माझ्याकडं बघू नका.

उठा.