तेरावा जज्ज

वर्लीन : सहा जज्ज आपल्या बाजूने म्हणालीस ना? तू वकील, तूच सांग, मग हरलो कसे?

नोरा : सहा विरुद्धही गेले, मिस वर्लीन.

वर्लीन : म्हणजे बरोबरी. मग पुन्हा बसा म्हणावं!

नोरा : बसत नाहीत. अपिलात बरोबरी झाली की खालच्या जज्जाचा निकाल कायम. त्याने डेलरॉयला नवा खटला नाकारला होता. म्हणजे शिक्षा तीच, मृत्यूची. गुरुवारी.

वर्लीन : आमच्या चर्चमध्ये छपराच्या रंगावरून बरोबरी झाली, तर दोन वर्षं कुणी ब्रश लावला नाही. आणि इथे माझ्या पोराला विषाची सुई टोचणार? सहा शिकलेली माणसं नको म्हणत असताना?

नोरा : वरच्या कोर्टात अर्ज टाकलाय. पण खोटी आशा नाही लावणार तुम्हाला.

वर्लीन : जज्ज तर तेरा होते. तेरावा कुठे तडफडला?

नोरा : तो या खटल्यातून स्वतःहून बाजूला झाला. कारण दिलेलं नाही.

वर्लीन : कोण?

नोरा : व्हिटलॉक.

वर्लीन : शक्यच नाही! अगं, तो आमच्या चर्चमधला पोर. गाव सोडून गेलेले सगळे दर ऑगस्टला चर्चमध्ये परत जमतात, त्या होमकमिंगच्या जेवणाला येतो. या वेळी मीच वाढलं त्याला. माझ्या हातचं गोड पीच कॉबलर दोनदा मागून खाल्लं. मी म्हटलं, बाबा, माझ्या डेलरॉयचं तुझ्यापुढे आहे, खून झाला त्या रात्री तो माझ्या घरात झोपला होता, देवाशपथ. हात घट्ट धरला त्याने माझा. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. तो आपलाच होता, नोरा.

(नोरा हातातला कागद खाली ठेवून तिच्याकडे बघते.)

वर्लीन : अशी का बघतेस?

नोरा : काही नाही.

वर्लीन : पेपरवाल्यांशी बोलू नका म्हणालीस, नाही बोलले. जज्जाशी बोलू नका असं कधी म्हणालीस?

नोरा : नाही म्हणाले. म्हणायला हवं होतं.

वर्लीन : म्हणून उठला तो?

नोरा : कारण दिलेलं नाही, मिस वर्लीन.

वर्लीन : मी तुला विचारतेय.

नोरा : ज्याचा खटला पुढे आहे, त्याच्या घरचं कुणी असं बोललं, की प्रामाणिक जज्ज बसत नाही.

वर्लीन : आणि अप्रामाणिक असता तर माझं लेकरू वाचलं असतं.

नोरा : चूक माझी आहे. डेलरॉयला मी सांगते तसं.

वर्लीन : काही सांगायचं नाही त्याला. गुरुवारी सुई टोचताना काचेतून माझ्याकडे बघेल, तेव्हा त्याला नुसती आई दिसू दे.