गोठ्यातली शाळा

कराड स्टँडवर गाडीची वाट बघताना शेजारच्या बाकावरल्या दोघींचं बोलणं दीपमालाच्या कानावर पडलं आणि तिनं मोबाईल पिशवीत टाकला.

"वरीसभर आमच्या मिलिटरीतल्या हवालदारांनी जम्मूवरनं व्हिडिओ कॉलवर आपल्या पोरीला अक्षरं शिकवली. आता सुट्टीवर आल्यात."

"मग आता मांडीवर घिऊन शिकवत असतील!"

"कुठलं! पोरगी म्हणती, 'काका, तुमी नगा. माझं पप्पा फोनात हायती.'"

"आगं बाई! मग?"

"मग काय, हवालदार रोज गोठ्यात म्हशीपाशी बसून फोन लावत्यात आन् पोरगी घरात सोप्यात बसून अ आ इ म्हणती."

"आन् म्हस?"

"तिची बी बाराखडी झाली आसंल!"

"सुट्टी कवा संपती?"

"सोमवारी. पोरीला पत्ता बी लागायचा न्हाई."