मठाबाहेरचे बूट

ओकव्हिलहून सुटलेल्या 'गो' या लोकल ट्रेनमध्ये माझ्या मागच्या सीटवर कुणी ऊर्मी ऑफिसातल्या परीक्षितला सासूबाईंबरोबरची इंग्लंडची ट्रिप सांगत होती.

"प्रायरी म्हणजे?"

"जुना मठ रे, शेतांच्या मधोमध. उंच कमानी अजून उभ्या आहेत, पण वर छप्पर नाही."

"छपराचं काय झालं?"

"गाइड म्हणाला, राजाने मठ बंद करून छपरावरचे शिशाचे पत्रे विकले. मग गावकऱ्यांनी दगड नेऊन गोठे बांधले."

"सासूबाई बोअर झाल्या असतील."

"छे! कमानीपाशी बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर निघाल्या ओल्या गवतातून. गाइड म्हणतो, मॅडम, नो नीड, आता फक्त भिंती उरल्यात. तर म्हणाल्या, छप्पर गेलं म्हणून देव गेला का? मी ट्रान्सलेट केलं."

"मग?"

"तो खाली वाकून लेस सोडायला लागला. त्याचं बघून अख्ख्या ग्रुपने बूट काढले."

"वा! आतून कसा होता मठ?"

"मला काय माहीत? मी बाहेर सगळ्यांचे बूट राखत उभी."

"अगं, तिथे कोण नेणार बूट?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, ज्या गावाने देवाचे दगड सोडले नाहीत, ते आपले बूट सोडेल होय?"