पर्थहून येणारी पोरगी

होबार्टच्या दवाखान्यात टेगन नंबराची वाट पाहत बसली होती. सोमवारी ती इथल्या विद्यापीठात इतिहास शिकवायला रुजू होणार होती. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना त्यांचा एक सहकारी भेटला.

“डेस्मंड, तूसुद्धा?”

“झोपच येत नाही गं, ब्रॉन्विन. डॉक्टर म्हणतात, शिकवणं थांबवा. फिओना म्हणते, आधी बदली माणूस येऊ दे.”

“फिओना? ती विभागप्रमुख कालपासून स्वतःच रजेवर आहे!”

“मग इतिहास विभागात उरलं कोण?”

“आपण दोघं.”

“म्हणजे कुणीच नाही.”

“सोमवारी एक पोरगी येतेय ना पर्थहून. सगळे वर्ग तिच्याच गळ्यात.”

“बिचारी! तिला कुणी सांगितलं नाही?”

“वेडा आहेस का? ती आली तरच आपली रजा मंजूर होणार.”

टेगन त्यांच्याकडे वळली. “अहो, ती पर्थची मीच,” ती म्हणाली.

मग ब्रॉन्विनबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकल्या.

“अगं, काय छान विभाग आहे आपला! खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो.”

“आणि माणसं इतकी प्रेमळ,” डेस्मंड घाईघाईनं म्हणाला, “की सोडून जावंसंच वाटत नाही कुणाला.”